मुलगा नागपुरात, मशीन मुंबईत

नागपूरच्या महाल भागातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगा बीसीए झाला, सहा महिन्यांपासून एका लहान कंपनीत 'लिनक्स सपोर्ट'ला, म्हणजे लिनक्सवर चालणारे सर्व्हर सांभाळायला आहे, रात्रपाळी घरूनच. वडील लिहितात, "रात्रभर काळ्या खिडकीत काहीबाही टाइप करून राहिला असतो. विचारलं तर म्हणतो, मशीन मुंबईला आहे. कोडिंग नाही, काही तयार होतानाही दिसत नाही. मिहानमधल्या एका मुलाखतीत एकाच प्रश्नावर अडला. आता बर्डीवरच्या क्लासवाल्यानं पंचेचाळीस हजारांचा क्लाउडचा कोर्स सांगितला. भरू, की एमसीएला घालू?"

तो प्रश्नही त्यांनी मुलाकडून लिहून घेऊन पाठवला, हे फार बरं केलं. प्रश्न असा होता : चाळीस युनिक्स (लिनक्सच्याच घराण्यातली प्रणाली) सर्व्हर आहेत, त्यांतल्या कोणाची डिस्क भरत आली आहे, हे जागेवरून न उठता कसं सांगाल? मुलगा म्हणाला, "पुट्टीनं एकेकावर लॉगिन करून बघीन." पुट्टी म्हणजे दुरून सर्व्हरवर शिरण्याचा एक प्रोग्राम.

भाऊ, आधी पैशांचं सांगतो. सध्या भरू नका.

आता ती काळी खिडकी. मोठमोठे सर्व्हर ज्या खोलीत असतात तिथे बहुतेकांना ना पडदा जोडलेला असतो, ना कीबोर्ड. त्यांच्याशी बोलायचं ते दुरूनच. पूर्वी हे काम टेलनेट आणि आरलॉगिन या प्रोग्रामांनी चालायचं, पण त्यांत पासवर्ड जसाच्या तसा तारेवरून जायचा. पोस्टकार्डावर तिजोरीचा आकडा लिहून धाडावा तसं. 1995 साली हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी असेच पासवर्ड चोरले, तेव्हा तिथल्याच टाटू इलोनेन यांनी सगळं बोलणं कुलूपबंद करणारा एसएसएच (सिक्युअर शेल) हा प्रोग्राम लिहून काढला. अशा प्रत्येक सेवेला पोर्ट, म्हणजे ठरलेल्या क्रमांकाचं दार असतं. फाइली पाठवणाऱ्या एफटीपीचं पोर्ट 21, टेलनेटचं 23, मधलं 22 रिकामं होतं, ते त्यांनी मागून घेतलं. आज जगभर वापरतात ती मोफत आवृत्ती, ओपनएसएसएच, 1999 मध्ये ओपनबीएसडी ही युनिक्ससारखी प्रणाली बनवणाऱ्या मंडळींनी आणली. तुमचा मुलगा रात्री बसतो तो बहुधा याच खिडकीशी. काम खरं आहे, आणि ते चुकलं तर सकाळी शेकडो लोकांचं अडतं.

यापुढचं थोडं त्याला वाचायला द्या.

बेटा, तुझं उत्तर चूक नव्हतं, अर्धं होतं. सर्व्हरवर जाऊन बसणं वेगळं आणि इथूनच हुकूम पाठवून उत्तर मागवणं वेगळं. एसएसएचच्या ओळीत सर्व्हरच्या नावापुढे अवतरणात कमांड लिहिली की ती तिकडे चालते, उत्तर तुझ्या पडद्यावर येतं आणि जोडणी बंद होते. चाळीस नावं एका फाइलमध्ये ठेव, लूप फिरव, म्हणजे तीच कमांड प्रत्येक नावासाठी आपोआप चालव, झालं. एवढं सांगितलं असतंस तर पुढचा प्रश्न आला असता, आणि खरी मुलाखत तिथेच सुरू होते.

उदाहरणार्थ, फाइलमधून ओळी वाचणाऱ्या व्हाइल लूपमध्ये एसएसएच टाकलास की पहिला सर्व्हर होतो आणि गाडी थांबते. एसएसएच उरलेली यादी स्वतःचं इनपुट समजून गिळून टाकतो. एसएसएचला 'डॅश एन' (-n) हा पर्याय दिला की सुटतं. दुसरं, कमांडला दुहेरी अवतरण दिलंस तर आतला व्हेरिएबल, म्हणजे मशीनच्या नावासारखी किंमत धरणारा शब्द, तुझ्याच लॅपटॉपवर उलगडतो आणि चाळीसही सर्व्हर तुझ्याच मशीनचं नाव सांगतात. एकेरी दिलंस तर तो तिकडे उलगडतो. तिसरं, तिकडची कमांड फसली तर तिचाच एक्झिट कोड, म्हणजे काम जमलं की फसलं हे सांगणारा आकडा, इकडे येतो, पण जोडणीच झाली नाही तर 255 येतो. 'डिस्क भरली' आणि 'सर्व्हरपर्यंत पोचलोच नाही' या दोन बातम्या एकाच रांगेत टाकणारी स्क्रिप्ट (कमांडची लिहून ठेवलेली यादी) रात्री तीन वाजता फार महागात पडते. आणि लॉगिन केल्यावर चालणारी कमांड दुरून पाठवली की 'सापडत नाही' म्हणते, असं झालं तर आधी पाथ, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी, बघ. दुरून पाठवलेल्या कमांडला लॉगिनच्या वेळच्या सगळ्या सेटिंग मिळतीलच असं नाही.

पासवर्ड टाइप करत चाळीस सर्व्हर होत नाहीत, म्हणून पासवर्डाऐवजी ओळख पटवणाऱ्या किल्ल्यांची (की फाइलींची) जोडी करायला शीक. सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर, खासगी फक्त तुझ्याकडे आणि तीही पासफ्रेजसह, म्हणजे किल्लीलाच लांब पासवर्ड लावून. ती कोणाला व्हॉट्सॲपवर पाठवायची नाही, साहेबालासुद्धा नाही. सर्व्हरवर सार्वजनिक किल्ली ठेवतात त्या फोल्डरमध्ये इतरांना लिहिण्याची परवानगी राहिली तर किल्ली बरोबर असूनही नाकारली जाते आणि पोरं अर्धा दिवस डोकं खाजवत बसतात.

एक माझंही सांगतो. समुपदेशनात येण्याआधी मी हेच काम करायचो. एका रात्री दोन खिडक्या उघड्या होत्या, एक चाचणीच्या सर्व्हरची, एक चालू कामाची. रीबूट मारला तो नेमका दुसऱ्या खिडकीत. फोन वाजायला सुरुवात झाली तेव्हा कळलं. त्यानंतर चालू सर्व्हरचा प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड टाइप करायच्या जागेआधीची खूण, मी लाल रंगाचा ठेवला आणि काही धोक्याचं टाइप करण्याआधी होस्टनेम, म्हणजे मशीनचं नाव, विचारायची सवय लावली. आजही घरच्या लॅपटॉपवर हात आपोआप तेच टाइप करतो, बायको हसते.

भाऊ, आता तुमची काळजी. ती निम्मी रास्त आहे. सपोर्टमध्ये अशा जागा असतात जिथे दुसऱ्यानं एक्सेलमध्ये दिलेल्या कमांड वर्षानुवर्षं चिकटवायच्या, बाकी डोकं चालवायचं नाही. वर्षभरानं तुमचा मुलगा तेच करताना दिसला तर नोकरी बदला. पण रोजच्या कामाच्या स्क्रिप्ट स्वतः लिहायला लागला, तर पुढचा रस्ता सरळ आहे. अनेक सर्व्हरांवर एकदम काम करवून घेणारं अँसिबल नावाचं साधन 2012 पासून आहे, तेही आतून बहुतेक वेळा एसएसएचच वापरतं. सर्व्हरवर खास एजंट, म्हणजे वेगळा मदतनीस प्रोग्राम, बसवावा लागत नाही. ते आलं की सिस्टम ॲडमिन, मग डेव्हऑप्स, म्हणजे सॉफ्टवेअर बनवणं आणि ते सर्व्हरवर चालवणं यांची सांगड घालणारं काम. प्रमाणपत्र हवंच असेल तर रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या आरएचसीएसए परीक्षेचं घ्या, कारण तिथे पर्यायांवर खुणा करायच्या नसतात, मशीनवर काम करून दाखवावं लागतं. क्लासच्या प्रमाणपत्राला ते वजन नाही.

एमसीएला त्याला स्वतःला जायचं असेल तर जरूर जाऊ द्या, पण तो मुलाखतीत अडला म्हणून नको. तो प्रश्न दोन वर्षांचा नव्हता, दोन आठवड्यांचा होता. रात्रपाळीत मात्र दिवसा अंधाऱ्या खोलीत सलग झोप मिळेल एवढं बघा.

दुकानात जुना लॅपटॉप पडला आहे असं तुम्ही ओघात लिहिलं आहे. तो भंगारात देऊ नका. त्यावर डेबियन (लिनक्सचा मोफत प्रकार) टाकू द्या आणि माडीवर ठेवू द्या, पडदा मिटून. खाली बसून घरच्याच वायफायवरून त्याच्याकडून सगळी कामं करवून घ्यायची, वर जायचं नाही, हा नियम. त्यावरच तीन-चार आभासी मशीन (एकाच लॅपटॉपमध्ये सॉफ्टवेअरनं बनवलेली वेगवेगळी मशीन) उभी केली की लूपचा सरावही होतो. फक्त मे महिन्यात कूलरसमोर ठेवू नका, पाण्याचे थेंब उडतात.