खातं गोठवलं? आधी पत्राचा फॉर्म नंबर पाहा

जीएसटीच्या थकबाकीपायी बँक खातं अडकलं, अशी बरीच पत्रं आली आहेत. त्यांतल्या चार पत्रांना इथे उत्तरं देतो.

माझं फॅब्रिकेशनचं छोटं युनिट आहे. कामगारांच्या पगारासाठी बँकेत गेलो तर करंट खातं गोठवलेलं. मॅनेजर म्हणतात, ‘जीएसटीचं पत्र आलंय, आमच्या हातात काही नाही.’ मला तर एकही नोटीस मिळालेली नाही.

मॅनेजरशी भांडून उपयोग नाही. पत्र पाळलं नाही तर कायद्याने बँकच थकबाकीदार ठरते. त्यांच्याकडून पत्राची प्रत तेवढी घ्या आणि फॉर्म नंबर पाहा. पुढचं सगळं त्या आकड्यावर ठरतं.

डीआरसी-१३ असेल तर ती जीएसटी कायद्याच्या कलम ७९ खालची वसुली. म्हणजे तुमच्यावरची डिमांड आधीच पक्की झाली आहे आणि ती रक्कम तुमच्या खात्यातून सरकारकडे भरा, असं बँकेला सांगितलं आहे. डीआरसी-२२ असेल तर ती कलम ८३ खालची तात्पुरती जप्ती. तिथे देणं अजून ठरायचं असतं, तोवर पैसे हलू नयेत एवढ्यासाठी खात्याला कुलूप लावलेलं असतं.

आता नोटिशीचं. माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक जण ‘नोटीस मिळालीच नाही’ असं सांगतो. मग मी जीएसटीचं पोर्टल उघडतो आणि ‘ॲडिशनल नोटिसेस अँड ऑर्डर्स’ या टॅबमध्ये ती निवांत पडलेली सापडते. नोंदणीतला ईमेल आणि मोबाइल, तीन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या अकाउंटंटचा! कलम १६९ मध्ये पोर्टलवर नोटीस टाकणं हीसुद्धा बजावणीची एक पद्धत आहे, त्यामुळे निव्वळ ‘पाहिली नाही’ या मुद्द्यावर फार भिस्त ठेवू नका.

डीआरसी-१३ च्या मागे आदेश असेल तर त्याची तारीख बघा. कलम ७८ प्रमाणे आदेश मिळाल्यापासून तीन महिने भरणा करायला मिळतात. त्याआधी वसुली करायची तर कारणं लेखी नोंदवावी लागतात, आणि मे २०२४ च्या केंद्रीय अप्रत्यक्ष कर आणि सीमाशुल्क मंडळाच्या सूचनेप्रमाणे तो निर्णय आयुक्त पातळीवर व्हायला हवा. अपिलालाही तीनच महिने असतात. सबळ कारण असेल तर आणखी एक महिना मिळतो. मान्य असलेला कर पूर्ण आणि वादातल्या कराचे १० टक्के भरून अपील दाखल झालं की उरलेली वसुली थांबते. अपिलाची पावती घेऊन वसुली अधिकाऱ्याकडे जा, बँकेकडे नको. कुलूप काढायला बँकेला पत्र लागतं ते त्याच अधिकाऱ्याचं.

आणि डिमांड तीन लाखांची, खात्यात पाच लाख, अशी स्थिती असेल तर तेवढ्याच रकमेवर लिएन (म्हणजे तेवढी रक्कम अडवून) ठेवून बाकीचं खातं मोकळं करा, असा अर्ज आजच द्या. तुमचे पगार त्यातूनच सुटतील.

गिऱ्हाइकाने पैसे थकवले. जीएसटीआर-१ या विक्रीच्या रिटर्नमध्ये बिलं दाखवली, पण पैसे नसल्याने थ्रीबीत (जीएसटीआर-३बी, कर भरायच्या रिटर्नमध्ये) कर कमी भरला. कुठलाही आदेश नसताना वसुली करता येते का? हप्ते मिळतील?

येते. स्वतः जाहीर केलेला कर भरला नाही तर कलम ७५(१२) प्रमाणे नेहमीची नोटीस-सुनावणी न करता वसुली होऊ शकते, आणि १ जानेवारी २०२२ पासून जीएसटीआर-१ मधले आकडेही त्यात धरले जातात. मात्र त्याच महिन्यातल्या सूचनेत, आधी खुलाशाची संधी द्यावी असं म्हटलं आहे. नियम ८८सी खाली या दोन रिटर्नमधल्या फरकाची सूचना, म्हणजे डीआरसी-०१बी येते, तिला सात दिवसांत उत्तर द्यायचं असतं. ती आली होती का, आणि उत्तर दिलंत का, हे तपासा. उत्तराविना गेलेले सात दिवस पुढे फार महागात पडतात.

हप्त्यांचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. कलम ८० मध्ये २४ पर्यंत मासिक हप्ते मिळतात, पण रिटर्नमध्ये स्वतः दाखवलेल्या कराला ती सवलत नाही. वर १८ टक्के व्याज. गिऱ्हाइकाने छदाम दिलेला नसताना लहान व्यावसायिकाने कर खिशातून भरायचा, हे मला स्वतःला जाचक वाटतं; पण आज कायदा असा आहे.

डीआरसी-२२ ने खातं गोठवून १४ महिने झाले. बँक म्हणते, सोडण्याचं पत्र आणा.

तात्पुरती जप्ती एक वर्षच टिकते. ऑक्टोबर २०२३ च्या दुरुस्तीनंतर नियम १५९ मध्येही वर्ष उलटताच ती संपते असं स्पष्ट आहे, वेगळ्या डीआरसी-२३ ची, म्हणजे खातं सोडण्याच्या आदेशाची वाट पाहायची नाही. नियमाची प्रत जोडून बँकेला लेखी द्या. त्याच कारणासाठी नवा आदेश काढून मुदत वाढवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं आहे. ज्यांचं वर्ष सरलेलं नाही त्यांनी डीआरसी-२२ए भरून हरकत घ्यावी. राधाकृष्ण इंडस्ट्रीजच्या २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या अधिकाराला जाचक म्हटलं आणि जप्तीमागे ठोस आधार हवा असं बजावलं. हरकतीत तोच आधार मागा.

मी प्रोप्रायटर आहे. बायकोबरोबरचं जॉइंट बचत खातं आणि कॅश क्रेडिट, दोन्ही अडकलीत.

प्रोप्रायटर आणि त्याचा धंदा कायद्याला एकच, पॅनही एकच. म्हणून तुमचं बचत खातं सुटत नाही. पत्नीचे पैसे मात्र तिचेच आहेत. तिच्या पगाराच्या किंवा इतर जमेच्या नोंदी दाखवून तिच्याच नावाने वेगळा अर्ज द्या.

कॅश क्रेडिटमध्ये तुमची बाजू जास्त भक्कम आहे. ती बँकेने दिलेली कर्जाची मर्यादा आहे, तुमची ठेव नव्हे, या आधारावर गुजरातसह काही उच्च न्यायालयांनी अशा खात्यांची तात्पुरती जप्ती रद्द केली आहे. तुमचं पत्र डीआरसी-२२ असेल तर हरकतीसोबत बँकेचं सँक्शन लेटर आणि उणे शिल्लक दाखवणारं स्टेटमेंट जोडा.