आधी मूल पाहा, मग कापड काढा

दिवस लहान व्हायला लागले की मुलांना घरी करून काय द्यावं, हे विचारणारी पत्रं येऊ लागतात. त्यातल्या पाच पत्रांना ही उत्तरं.

ताई, भाचरं चार, वयं दोन ते अकरा. पैसे फार नाहीत आणि हाताशी तीनच आठवडे आहेत. सुरुवात कुठून करू?

मुलांपासून करा. चौघांच्या आयांना एवढंच विचारा: सध्या ते काय हातात घेऊन फिरतं आणि थंडीत त्याला काय नकोसं होतं? एका आईने मला सांगितलं होतं, "ती टोपी घालतच नाही, कपाळाला लोकर टोचते म्हणते." मग त्या टोपीच्या आतून मी जुन्या बनियनच्या मऊ कापडाची चार बोटं रुंद पट्टी शिवली. वीण अगदी साधी होती, पण मुलीने टोपी घातली आणि दिवसभर काढली नाही. एवढं कळलं की भेट सुचलीच म्हणून समजा.

मापंही त्याच वेळी मागून घ्या. कागदावर पंजा ठेवून, अंगठा बाजूला करून पेन्सिलीने काढलेली रेघ आणि भुवयांच्या वरून घेतलेला डोक्याचा घेर. ताणणाऱ्या विणीची टोपी घेरापेक्षा 2-3 सेंमी कमीच ठेवायची, नाहीतर ती डोळ्यांवर उतरते. आणि तीन आठवड्यांत चार नवी तंत्रं शिकू नका. तुम्हाला येतं ते एकच घ्या, वस्तू मात्र ज्याची त्याला शोभेल अशी करा.

माझा लोकरी स्वेटर चुकून गरम पाण्यात धुतला गेला आणि आटून लहान मुलाच्या मापाचा झाला. टाकून देऊ का?

अजिबात टाकू नका! तुमच्या हाती फुकटात उत्तम फेल्ट, म्हणजे आटून घट्ट झालेलं लोकरी कापड, आलंय. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. असं कापड कुठेही कापा, कडा उसवत नाहीत.

त्याचे चारही बोटं एकत्र आणि अंगठा वेगळा असे हातमोजे करा. स्वेटर उलटा करून सपाट पसरा, पुढचा आणि मागचा काठ नीट जुळवा. पंजाचा कागद असा ठेवा की मनगट स्वेटरच्या खालच्या ताणणाऱ्या काठावर येईल. मनगटाची पट्टी वेगळी करावीच लागत नाही. पंजाच्या रेघेबाहेर 1 सेंमी सोडून खडूने आकार काढा, मनगटाची बाजू उघडी ठेवून खडूवर उलटी टीप घाला, आणि शिवून झाल्यावरच टिपेबाहेर अर्धा सेंमी ठेवून कापा. आधी कापलंत तर दोन्ही थर सरकतात. अंगठ्याच्या बेचक्यात टिपेला न लागेल असा एक काप द्या. तो विसरला तर मोजा सुलटा केल्यावर तिथे चुण्या पडतात आणि अंगठा आखडतो. बाह्या उरतील, त्यांचे पायांत घालायचे गरम नळे होतात.

हे सगळं खऱ्या लोकरीचंच. ॲक्रिलिक असं आटून घट्ट होत नाही. शंका असेल तर एक धागा चिमट्यात धरून ताटलीवर जाळून पाहा, मुलं आसपास नसताना. लोकरीला केस जळल्यासारखा वास येतो आणि तिची चुरगळणारी राख होते; ॲक्रिलिकची वितळून कडक गुठळी होते.

आठ महिन्यांच्या नातीसाठी मोज्याची बाहुली करतेय. डोळ्यांना बटणं पक्की शिवली तर चालतील ना?

नाही चालणार, आजी. मीही दुहेरी दोऱ्याने बटणं शिवलेली बाहुली एकदा दिली होती. दोरा तुटला नाही, पण बाळाने चावून चावून कापडच फाडलं आणि बटण कापडासकट हातात आलं. त्याच्या आईचं लक्ष होतं म्हणून निभावलं. तेव्हापासून तीन वर्षांखालच्या मुलांसाठी मी डोळे दोऱ्यानेच भरते. टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून जी वस्तू आत जाते, ती या वयाला लहानच समजा.

भरायला धुतलेल्या सुती चिंध्या घ्या, मणी नकोत. शिवण दोनदा घाला, गळ्यात रिबीन बांधू नका. आणि पहिलं वर्षभर ही बाहुली खेळण्यापुरतीच, झोपताना बाळाजवळ नको. घरात झोपलेल्या बाळाला टोपीही नको, त्याच्या अंगातली जास्तीची उष्णता डोक्यावाटे बाहेर पडत असते.

मला शिवता येत नाही. पुतण्या नऊ वर्षांचा आहे, घरी केलेल्या वस्तूकडे बघतही नाही.

मग अर्धीच वस्तू द्या, उरलेली त्याला करू द्या. सावल्यांच्या खेळाची पेटी करा: बुटांच्या खोक्याचा तळ कापून तिथे ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवायचा, हा पडदा. काळ्या पुठ्ठ्याच्या तीन आकृत्या तुम्ही कापा, काड्या लावा, एकीचा हात दोऱ्याच्या गाठीवर हलता ठेवा. बाकी कोरा पुठ्ठा, काड्या आणि टॉर्च तशीच ठेवा. आकृती टॉर्चजवळ नेली की सावली मोठी होते, हे त्याला सांगू नका, सापडू द्या. लवकर अंधारतं त्या दिवसांत हा खेळ खूप रंगतो. घरात लहान भावंड असेल तर बटण सेलची टॉर्च घेऊ नका. तो सेल गिळला गेला तर जिवावर बेततं.

हात शेकायच्या तांदळाच्या पिशव्या मुलांना द्याव्यात का?

शाळकरी मुलांना द्या, त्याहून लहानांना नको. कापड आणि दोरा दोन्ही शंभर टक्के सुती हवेत. पॉलिएस्टर वितळतं आणि जरीचा धागा मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या टाकतो. 10 सेंमी चौकोनात कोरडा कच्चा तांदूळ दोन तृतीयांश भरा, म्हणजे पिशवी मुठीत वळते. एका वेळी 20 सेकंदच तापवायची, तेही मोठ्यांनी, आणि मुलाला देण्याआधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला धरून पाहायची. अंथरुणात न्यायची नाही. हे सगळं एका चिठ्ठीवर लिहा आणि ती चिठ्ठी मुलाच्या नव्हे, त्याच्या आईच्या हातात द्या.