टोकियोतल्या शिंजुकूची रात्र बघायची असेल तर

पहिल्यांदाच जाताय ना? मग बार नंतर शोधा, आधी उभं राहायला जागा शोधा. शिंजुकू स्टेशनच्या पूर्वेकडून बाहेर पडा, यासुकुनी-दोरी हा मोठा रस्ता ओलांडा आणि काबुकिचो या बार-करमणुकीच्या वस्तीच्या लाल कमानीपाशी थांबा. संध्याकाळी सुटाबुटातली ऑफिसची मंडळी घोळक्याने इझाकायात, म्हणजे जपानी खाण्यापिण्याच्या बारमध्ये, शिरतात. अकरानंतर तीच मंडळी टाय सैल करून, वाकून वाकून निरोप घेताना दिसतात. आपल्याकडे चपला घालून झाल्यावर दारात गप्पा रंगतात, तसा तो निरोप लांबतच जातो. मला विचाराल तर खरा कार्यक्रम हाच. इमारतीवरचं गॉडझिलाचं डोकं काय, एकदा बघून होतं.

'चला, स्वस्तात बसवतो' म्हणत कुणी सोबत चालू लागलं, तर पाय थांबवू नका. गिऱ्हाईक ओढायला तिथे बंदी आहे. लाउडस्पीकरवरून तशा सूचनाही चालू असतात. आत गेलात की बिल भलतंच निघू शकतं.

जवळच्याच 'गोल्डन गाई' या बारच्या वस्तीत सहा चिंचोळ्या गल्ल्यांत दोनशेच्या आसपास बार आहेत. काही इतके लहान की सात-आठ जणांत भरतात. बऱ्याच ठिकाणी नुसतं बसायचेही पैसे लागतात, तेव्हा दारावरची पाटी वाचूनच शिरा. एकच ग्लास घेऊन रात्रभर खुर्ची अडवू नका. विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढू नका.

टोकियोतल्याच शिबुया भागात जाणार असाल तर २०२४ पासून स्टेशन परिसरात संध्याकाळी ६ ते पहाटे ५ रस्त्यावर दारू पिण्यास मनाई आहे.

शेवटची गाडी मध्यरात्रीच्या आसपास सुटते. ती चुकली, तर रात्रीच्या टॅक्सीपेक्षा पहाटेपर्यंत कराओकेत बसणं बरं.