वाचकांचे प्रश्न : साठ किलोवॅटच्या चार्जरवर तीसच का?

प्रश्न : विजेवरच्या गाडीने पुण्याहून कोल्हापूरला जाताना साताऱ्याच्या पुढे महामार्गावरील एका चार्जिंग स्टेशनवर आम्ही थांबलो. यंत्रावर ‘६० किलोवॅट’ असे लिहिले होते, परंतु पडद्यावरील आकडा ३० च्या वर गेलाच नाही आणि ८० टक्क्यांनंतर तर तो घसरतच राहिला. दोष गाडीचा की स्टेशनचा? – एक वाचक, पुणे

उत्तर : बहुधा दोघांचाही नाही. त्या वेळी यंत्राच्या शेजारच्या गनला (गाडीत खुपसायच्या केबलच्या टोकाला) दुसरी गाडी लावलेली होती का, हे आठवून पाहावे. दोन गन असलेल्या बऱ्याच यंत्रांवर लिहिलेली क्षमता दोन्ही गनची मिळून असते आणि दुसरी गाडी जोडली जाताच ती निम्मी-निम्मी वाटली जाते. ४५ युनिटांची बॅटरी २० वरून ८० टक्क्यांवर न्यायला २७ युनिट वीज लागते. ती ६० किलोवॅटने अर्ध्या तासात भरते, पण ३० किलोवॅटने त्याच कामाला जवळजवळ एक तास जातो. म्हणून निघण्यापूर्वी अ‍ॅपवर स्टेशन चालू आहे एवढेच न पाहता दोन्ही गन मोकळ्या आहेत का, हेही पाहावे.

दुसरी मर्यादा गाडीची असते. डीसी म्हणजे अशा जलद चार्जिंगमध्ये किती वीज घ्यायची हे गाडीतील बॅटरी व्यवस्थापन यंत्रणा सांगते आणि चार्जर आपल्या क्षमतेच्या मर्यादेत तेवढीच देतो. त्यामुळे ५० किलोवॅटपर्यंतच घेऊ शकणाऱ्या गाडीला १२० किलोवॅटच्या चार्जरचा काहीच जादा लाभ नाही. भर उन्हाळ्यात खंबाटकीचा घाट चढून आलेली बॅटरी तापलेली असेल, तर ही यंत्रणा वेग आणखी उतरवते. ८० टक्क्यांनंतरची घसरण हीदेखील याच यंत्रणेने घेतलेली काळजी आहे. भरत आलेल्या सेलचा व्होल्टेज वरच्या मर्यादेला टेकतो आणि तेव्हाही तेवढाच प्रवाह रेटला तर लिथियमचा थर आत साचून बॅटरीचे आयुष्य घटते. पुढचे स्टेशन फार लांब नसेल तर ८० टक्क्यांवर गन काढून निघावे, असे मी आग्रहाने सांगेन, कारण शेवटच्या २० टक्क्यांसाठी लागणारा वेळ तुमचा जातोच, शिवाय मागे थांबलेल्या कुटुंबाचाही जातो.

प्रश्न : चार्जिंग थांबले, तरी गन निघेना. लाल बटण दाबावे का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. ते बटण धूर, ठिणगी किंवा जळका वास आला तरच दाबायचे. ते दाबल्यावर यंत्राचा पुरवठा तुटतो आणि ते पुन्हा सुरू होईपर्यंत पुढच्यांची अडचण होते. गन अडकते ती सहसा गाडीच्या पोर्टमधील कुलपामुळे. आधी अ‍ॅपवरून चार्जिंग बंद करावे, मग किल्लीने गाडी अनलॉक करावी आणि गन किंचित आत दाबून सरळ ओढावी, पिळू नये. काही गाड्यांत हे कुलूप हाताने सोडवण्याची सोय असते. ती कुठे आहे हे प्रवासाला निघण्यापूर्वीच गाडीच्या पुस्तिकेत पाहून ठेवावे. अशा गोंधळात अ‍ॅपच्या वॉलेटमधून जास्त पैसे वळते झाल्यास तक्रारीसाठी यंत्राचा क्रमांक आणि पडद्यावरील युनिटचा आकडा यांचे छायाचित्र हाताशी असणे आवश्यक आहे.

प्रश्न : दिवसा चार्जिंग स्वस्त पडते का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : सप्टेंबर २०२४ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार स्टेशनांना सकाळी ९ ते दुपारी ४ या सौरऊर्जेच्या वेळेत वीज सरासरी पुरवठा खर्चाच्या (एक युनिट पुरवायला वीज कंपनीला सरासरी येणाऱ्या खर्चाच्या) ०.७ पट आणि एरवी १.३ पट दराने मिळावी, असे आहे. मात्र तुमच्याकडून घेतला जाणारा दर स्टेशनचालक ठरवतो आणि त्यावर जीएसटी लागतो. त्यामुळे गन लावण्यापूर्वी अ‍ॅपवर त्या वेळचा प्रति युनिट दर वाचावा आणि तो करासह आहे की कराविना, हेही तपासावे.