प्रश्नोत्तरे : तानपुरा आणि रेल्वे

प्रश्न : मुलीचा मिरजेत बनवलेला पाचफुटी तानपुरा महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला न्यायचा आहे. लगेजच्या डब्यात टाकला तर चालेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : मुळीच नको. तिथे पोत्या-पेट्यांची थप्पी भोपळ्यावर, म्हणजे तानपुऱ्याच्या खालच्या गोल भागावर, येते आणि भोपळा एकदा तडकला की जोडूनही आवाज पूर्वीसारखा राहत नाही. बर्थखालीही भोपळा मावत नाही. तानपुरा वरच्या बर्थवर आडवा ठेवा. भोपळा खिडकीच्या भिंतीकडे, तबली (भोपळ्यावरचे लाकडी झाकण) वर. दोन्ही बाजूंना चादरीच्या गुंडाळ्या लावा, म्हणजे तो लोळणार नाही. दांडीखाली मात्र उशी हवीच. भोपळा जाड असल्याने दांडी अधांतरी राहते आणि गाडीच्या प्रत्येक हिसक्याचा ताण गळ्याच्या, म्हणजे दांडी आणि भोपळा जोडणाऱ्या, सांध्यावर येतो; बहुतेक तानपुरे तिथेच मोडतात.

निघण्यापूर्वी तारा दोन-तीन स्वर उतरवा, पूर्ण सोडू नका. बऱ्याच तानपुऱ्यांची घोडी (तबलीवरची, तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) तारांच्या दाबावरच बसलेली असते. ती सरकली की जवारी, म्हणजे तारांचा घुमारेदार झणकार, बिघडते. जवारीसाठी घोडीवर तारांखाली घातलेले दोरे काढून पाकिटात ठेवा. वातानुकूलित डब्यातून उतरल्यावर गवसणी लगेच उघडू नका. तासभर थांबून मगच सूर लावा.