केमिस्ट्रीचं बी.एस्सी. आणि एमएलटीचे साठ क्रेडिट

बाय, तुझा प्रश्न असा: फोंड्यात केमिस्ट्री घेऊन तीन वर्षांचं बी.एस्सी. झालं, आता चार वर्षं म्हापशाच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी. लग्नानंतर नवऱ्यामागून न्यू जर्सीला आल्यावर एमएलटीची (मेडिकल लॅबोरेटरी टेक्निशियनच्या सर्टिफिकेटची) परीक्षा देता येईल, की परत पहिल्यापासून कॉलेज?

पहिल्यापासून नको. फार तर एकदोन विषय घ्यावे लागतील. एएससीपी म्हणजे ही परीक्षा घेणारी अमेरिकन संस्था. तिच्या एमएलटीला अनुभवाच्या जोरावर बसायचं तर कॉलेजचे ६० सेमिस्टर क्रेडिट (अभ्यासाचं माप, प्रत्येक कोर्सला ठरावीक) लागतात, त्यांत ६ केमिस्ट्रीचे आणि ६ बायोलॉजीचे. परदेशी पदव्या तपासून इथल्या शिक्षणाशी त्यांची तुलना करणाऱ्या काही मूल्यांकन संस्था आपल्या तीन वर्षांच्या बी.एस्सी.ला पूर्ण पदवी मानत नाहीत आणि आपली मंडळी तिथेच हाय खातात. पण ६० क्रेडिट म्हणजे साधारण दोन वर्षांचंच शिक्षण. पूर्ण पदवी लागते ती वरच्या एमएलएसला (मेडिकल लॅबोरेटरी सायंटिस्टला). तिथे बायोलॉजी आणि केमिस्ट्री प्रत्येकी १६ मागतात.

तुझं अडलं तर बायोलॉजीत अडेल. केमिस्ट्रीसोबत बॉटनी-झूलॉजी होतं की फिजिक्स-मॅथ्स, ते तू लिहिलं नाहीस. फिजिक्स-मॅथ्स असेल तर इथल्या कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांचे अभ्यासक्रम असलेल्या स्थानिक सरकारी कॉलेजात) बायोलॉजीचे दोन कोर्स घे; प्रॅक्टिकलसह एकेक बहुधा ४ क्रेडिटचा असतो. आपल्याच काउंटीच्या (जिल्ह्याच्या) कॉलेजात फी बरीच कमी पडते.

पदवीचं मूल्यांकन 'कोर्स-बाय-कोर्स'च, म्हणजे विषयवार, करून घे. साधं स्वस्त असतं, पण त्यात विषयवार क्रेडिट येत नाहीत. आणि गुणपत्रिकेवर नुसतं 'पेपर चार' छापलेलं असलं, तर त्यात बायोकेमिस्ट्री शिकवली होती हे इथल्या माणसाला कळणार कसं? म्हणून निघण्याआधी कॉलेजातून तिन्ही वर्षांच्या अभ्यासक्रमाची शिक्का मारलेली प्रत घे, आणि ताळगाव पठारावर विद्यापीठात जाऊन ट्रान्सक्रिप्टचं काम मार्गी लाव. चतुर्थीच्या आठवड्यात मात्र जाऊ नकोस, फेरी फुकट जाईल.

आता अनुभव. तीन वर्षं पूर्णवेळ काम हवं, आणि ते सगळ्या विभागांत: केमिस्ट्री, हिमॅटॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, इम्युनॉलॉजी, युरिन आणि ब्लड बँकिंग. आपल्याकडच्या खाजगी लॅबवाल्यांची गोची होते ती या शेवटच्यात. स्लाइडवर ब्लड ग्रुप काढणं म्हणजे ब्लड बँकिंग नव्हे. क्रॉसमॅच (दात्याचं रक्त रुग्णाला जुळतं का ते बघणं) आणि अँटीबॉडी स्क्रीन (रुग्णाच्या रक्तात परक्या रक्तपेशींविरुद्धच्या अँटीबॉडी शोधणं) हाताखालून गेलेलं हवं. तुमच्या लॅबमध्ये ते होत नसेल तर आत्ताच रक्तपेढी असलेल्या हॉस्पिटलात जागा बघ. लॅबही मान्यताप्राप्त लागते. भिंतीवर एनएबीएलचं (लॅबना मान्यता देणाऱ्या भारतीय मंडळाचं) प्रमाणपत्र असेल तर त्यावर आयएसओ १५१८९ (वैद्यकीय लॅबचं आंतरराष्ट्रीय मानक) आहे का ते वाच आणि फोटो काढून ठेव. अनुभवाच्या फॉर्मवर लॅबप्रमुखांची सही लागते, तेव्हा नोकरी सोडताना गोडीगुलाबीने सोड.

परीक्षेची धास्ती घेऊ नकोस. १०० प्रश्न, अडीच तास. रोज काम करणाऱ्याला जमते.

न्यू जर्सीत टेक्निशियनला राज्याचं वेगळं लायसन्स लागत नाही. नदीपलीकडे न्यूयॉर्कमध्ये लागतं, म्हणून नोकरी शोधताना पत्ता बघ.

एच-४ वर (एच-१बी नोकरदाराच्या जोडीदाराच्या व्हिसावर) येणार असशील तर सर्टिफिकेट हातात असूनही लगेच काम करता येणार नाही. कामाची परवानगी बहुतेकदा नवऱ्याचं आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झाल्यावरच मागता येते. कॉलेजला मात्र एच-४ वर जाता येतं, तेव्हा बायोलॉजी त्या काळात उरकून घे.