युद्ध देवाचं होतं, पण हरकतीचा अर्ज दादाने दिला

तुमचा प्रश्न असा की, बायबलच्या जुन्या करारात शत्रू राष्ट्रं एकी करून चालून येतात आणि दर वेळी देव सोडवतो. हे खरंच घडलं का, आणि आपण त्यातून काय घ्यायचं?

दर वेळी नाही सोडवत. हे आधीच सांगून टाकते, कारण ते ‘दर वेळी’ ऐकतच मी लहानाची मोठी झाले.

जुन्या करारातल्या ‘दुसरे इतिहास’ या पुस्तकाचा अध्याय २० हा आमच्या पप्पांचा हक्काचा अध्याय. मवाबी, अम्मोनी आणि सेईर डोंगराकडचे लोक एकत्र येऊन यहूदा राज्यातल्या एन-गेदीपर्यंत पोचतात. यहोशाफाट राजा घाबरतो, सगळ्या यहूदाला उपास सांगतो. यहाजिएल नावाचा लेवी, म्हणजे मंदिराची सेवा करणाऱ्या वंशातला माणूस, भर सभेत सांगतो की ही लढाई तुमची नाही, देवाची आहे. दुसऱ्या दिवशी सैन्याच्या पुढे गाणारे चालतात, ‘त्याची दया सनातन आहे’ म्हणत. तिकडे मवाबी-अम्मोनी आधी सेईरवाल्यांना कापतात आणि मग एकमेकांना. लूट गोळा करायला तीन दिवस लागतात.

आमच्याकडे मवाब, अम्मोन आणि सेईर म्हणजे तीन काका. आजोबा वारले तेव्हा पप्पा दूरच्या गावी मास्तर होते. नगर जिल्ह्यातली आमची चार एकर आणि एक विहीर. वारस नोंदीत तिघांची नावं लागणार आणि पप्पांनी तोंडी हक्क सोडलाय, असं ठरलेलं. तलाठ्याची नोटीस आली तशी पप्पांनी शाळेत रजा टाकली आणि तीन दिवस उपास धरला. अध्याय २० रोज सकाळ-संध्याकाळ. आई नुसता काळा चहा करून ठेवायची, तोही तसाच गार व्हायचा.

दादा तेव्हा बावीस वर्षांचा. नोटिशीवर पंधरा दिवसांत हरकत घ्या असं छापलेलं असतं, ते घरात त्याने एकट्यानेच वाचलं. एसटीने गावी गेला, हरकतीचा अर्ज दिला, पोच घेतली. मग मंडळ अधिकाऱ्यापुढे तारखा. चार-पाच तरी झाल्या. सगळे कागद साडीच्या दुकानाच्या एका पिवळ्या पिशवीत. तिचा बंद तुटलेला, म्हणून तो ती काखेत धरून फिरायचा.

आणि मग खरंच अध्याय २० घडला. विहीर कुणाच्या वाट्याला, यावरून काकांचं आपसात फाटलं. सुनावणीत मोठे काका एक बोलले, मधले दुसरंच, आणि धाकटे म्हणाले की भावाने हक्क सोडला असं आपण कधी ऐकलंच नाही. नोंद चौघांच्या नावाने झाली.

घरी आभाराची उपासना ठेवली. पप्पांनी उभं राहून अध्याय वाचला, तिसाव्या वचनाला थांबले आणि म्हणाले, ‘आम्ही काहीच केलं नाही, फक्त उभे राहिलो.’ मंडळी आमेन म्हणाली. दादा दारात चपलांपाशी बसला होता, पिशवी मांडीवर. मला हळूच म्हणाला, ‘एसटीची तिकिटं पण देवानेच काढली का?’ त्यानंतर तो चर्चला येतो ते नाताळलाच.

पप्पांशी माझा वाद तेव्हापासूनचा आहे. तो अध्याय नीट वाचा. ‘उभे राहा’ म्हणणारा तोच यहाजिएल ‘उद्या त्यांच्यावर चालून जा’ असंही सांगतो. लोक पहाटे उठून तकोवाच्या रानात गेलेत, घरी बसलेले नाहीत. आणि ‘आमच्यात बळ नाही’ म्हणणाऱ्या या राजाच्या सैन्याची बेरीज तीनच अध्याय आधी ११ लाख ६० हजार होते! यहूदासारख्या चिमुकल्या राज्यात एवढे सैनिक कुठून येणार, हा आकडा फुगवलेलाच आहे. पण लिहिणाऱ्याला राजा नि:शस्त्र दाखवायचा नव्हता, एवढं तरी त्यातून दिसतं.

यहूदाच्याच पुढच्या काळातल्या हिज्कीया राजाचंही तसंच. इ.स.पूर्व ७०१ मध्ये अश्शूर (असीरिया) साम्राज्याचा राजा सन्हेरीब चालून आला. राजाने मंदिरात जाऊन प्रार्थना केली, ती सगळ्यांना पाठ असते. त्याच राजाने खडक फोडून पाण्याचा बोगदा खणवला, ५३३ मीटरचा, यरुशलेममध्ये आजही त्यातून चालता येतं. तो कुणी सांगत नाही. दोन्ही बाजूंनी खणत आलेल्या कामगारांना एकमेकांचे आवाज ऐकू आले, असं त्याच्या भिंतीवर कोरलं होतं. राजाचं नावही नाही त्यात. ते वाचलं तेव्हा मला दादाच आठवला.

आता ‘खरंच घडलं का’. सन्हेरीबाचा स्वतःचा लेख आहे. ४६ तटबंदीची शहरं घेतली, हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखं कोंडलं, अशी बढाई त्यात आहे. यरुशलेम घेतलं असं मात्र कुठेच नाही. खंडणीचं सोनं दोन्हीकडे ३० किक्कार (हे वजनाचं जुनं माप). चांदीत फरक पडतो, बायबलमध्ये ३०० आणि त्याच्या लेखात ८००. म्हणजे शहर वाचलं हे खरं, पण पैसे मोजून. एका रात्रीत १,८५,००० मेले, ही बायबलची बाजू. अश्शूरी लेख त्यावर गप्प आहे. यहोशाफाटाच्या त्या लढाईला बाहेरचा पुरावा नाही.

पण एकीतले शत्रू आपसात लढतील, हे त्या काळी कुणालाही पटण्यासारखं होतं. दुसरे राजे, अध्याय ३ बघा. तिथे उलटा डाव आहे. इस्राएल (यहूदाच्या उत्तरेचं वेगळं राज्य), यहूदा आणि अदोम यांचे तीन राजे मिळून मवाबावर चालून जातात. सकाळच्या उन्हात पाणी लाल दिसतं आणि मवाबी म्हणतात, हे रक्त आहे, राजांनी एकमेकांना मारलेलं दिसतंय, चला लुटीला. आणि फसतात. त्या मवाबाच्या मेशा राजाचाही शिलालेख १८६८ मध्ये धीबानला सापडला, आता लूव्र संग्रहालयात आहे. त्यात इस्राएलच्या हातून सोडवणारा देव म्हणजे मवाबाचा कमोश. यार्देन नदीच्या पलीकडे, मवाबातही आभाराच्या उपासना होतच होत्या.

देवाचा शब्द मोडून स्वतःची सोय बघणारेही आहेत. यहूदाच्या आहाज राजावर अराम आणि एफ्राईम (म्हणजे उत्तरेचं इस्राएल) चालून आले तेव्हा यशया संदेष्ट्याने सांगितलं, ही दोन धुमसती कोलितं आहेत, घाबरू नको. आहाजाने मंदिरातलं सोनं-चांदी काढून अश्शूरला पाठवलं आणि मदत मागितली. मदत आली, आणि तो अश्शूरचा मांडलिक झाला. म्हणजे दादाच्या बाजूनेही सगळं जमत नाही, हे कबूल करते.

तुम्ही काय घ्यायचं? प्रार्थना करा आणि अर्जाची पोच घ्या. अर्थात मी संडे स्कूल शिकवलेली बाई, धर्मशास्त्राची पदवी नाही. शिवाय बायबलमधली ‘इतिहास’ ही पुस्तकं यहोशाफाटानंतर काही शतकांनी, बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्यांसाठी लिहिली गेली. त्यात बातमीदार शोधू नका. तुमच्यावर खरंच कुणी चालून आलं असेल तर आधी वकील गाठा.

पप्पा तिसाव्या वचनाला थांबतात ते आजही. त्याच अध्यायात पुढे, ३५ ते ३७ मध्ये, हाच यहोशाफाट इस्राएलच्या दुष्ट अहज्या राजाशी भागी करून एस्योन-गेबेरला जहाजं बांधतो आणि ती जहाजं फुटतात. एवढ्या सुटकेनंतर लगेच भागी. त्या सुनावणीनंतर दोन वर्षांनी पप्पांनी मोठ्या काकांशी समेट करून भागीत बोअर घेतला. मी ती तीन वचनं वाचून दाखवली, तर म्हणाले, ‘ते जहाजांबद्दल आहे.’ ३०० फुटांवर नुसता फुफाटा निघाला. काकांनी हात वर केले. बोअरवाल्याचे पैसे दादाने दिले आणि पावती त्याच पिवळ्या पिशवीत ठेवली.